शंभरातले पाच की साठ?

"पूर्ण फी भरणाऱ्यांना तुमच्याकडे प्रवेश सोपा जातो का?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि त्या जिला 'तोफ' म्हणत त्या मुलीनं प्रश्न डागलासुद्धा. शाळेच्या हॉलमध्ये प्रवेशाची माहिती द्यायचा कार्यक्रम होता. समोर कला-विज्ञान दोन्ही शिकवणाऱ्या दोन लिबरल आर्ट्स कॉलेजांची माणसं बसली होती. शंभर अर्जांतले पाचच घेणाऱ्या मोठ्या कॉलेजचे साहेब आधी पाणी प्यायले. मग म्हणाले, खोटं कशाला सांगू, फीमाफी न मागणाऱ्याचं पारडं थोडं जड असतं. शंभरातले साठ घेणाऱ्या दुसऱ्या कॉलेजच्या बाई म्हणाल्या, आम्ही आधी निवडतो, पैशांचं नंतर विचारतो. गरज असेल त्याला निम्मी फी माफ.

मागे मैत्रिणींनी बाकं बडवली. तोफ अशी काही फुलली की विचारू नका. शेजारी बसलेल्या बाबांनी मात्र बोटांवर हिशेब सुरू केला.

घरी पोचताच त्यांनी फर्मान काढलं, मोठ्या कॉलेजच्या अर्जात फीमाफी मागायची नाही. तोफेला कळेना, आपल्या एका प्रश्नानं हे काय होऊन बसलं? खाली बाबांचं काचा कापायचं दुकान होतं. शेजारचा कुलूपवाला ते कधीपासून विकत मागत होता आणि बाबा दरवेळी त्याला हसून वाटेला लावत. आज त्यांनी स्वतःच फोन करून त्याला बोलावलं.

"दुकान विकून करणार काय तुम्ही?" आईनं विचारलं.

"दुसऱ्याच्या हाताखाली काचा कापीन. हात थोडेच विकतोय?"

"आणि ते दुसरं कॉलेज?"

"आपली पोर काय साठांतली आहे?"

ऐकून तोफेला आतून गुदगुल्या झाल्या. पाचांत यायचं होतंच तिला, वर्गभर मिरवायचंही होतं. पण नाटक आणि गणित एकत्र शिकता येईल का, यावरून कार्यक्रमानंतर त्या साठवाल्या बाईंशी ती अर्धा तास हुज्जत घालून आली होती, आणि बाईंनीही हार मानली नव्हती. साहेबांनी नुसतं माहितीपत्रक हातावर ठेवलं होतं.

जिन्यात पावलं वाजली. बाबा उठले. त्यांच्याआधी तोफ दाराशी पोचली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. बाहेरून कुलूपवाल्यानं कडी वाजवली.

"आई, बाबा, मी साठवाल्या कॉलेजात जाणार. तुमच्यावर उपकार म्हणून नाही, मला तिथे शिकायचंय म्हणून. आता या काकांना तुम्ही सांगताय, की मी सांगू?"