फळीग्रस्त बाईची तक्रार

माझा नवरा दिवसभर एका लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या बनवतो आणि घरी आला की स्नोबोर्डांची, म्हणजे बर्फावरून घसरायच्या फळ्यांची, सेवा करतो. घरात माणसं दोन आणि स्नोबोर्ड पाच. बर्फाचा हंगाम संपला की या फळ्या आमच्याकडे मुक्कामाला येतात आणि त्यांचे लाड सुरू होतात. धातूच्या कडा पुसून कोरड्या करायच्या, नाहीतर गंजतात. तळाला मेणाचा जाड थर द्यायचा. पाय अडकवायच्या पट्ट्यांचे स्क्रू जरा सैल करायचे. हीटरजवळ ठेवायच्या नाहीत, ओलसर जागी ठेवायच्या नाहीत. मला ताप आला होता तेव्हा एवढी विचारपूस झाली नव्हती.

यंदा त्याने त्यांच्यासाठी भिंतीवर लाकडी रॅक केला, तोही नेमका माझा आरसा होता त्या जागी. केल्यावर तो लोकांना दाखवायची खुमखुमी आली. स्नोबोर्डवाल्यांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, तिथे त्याने फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘ऑर्डर घेतो.’ ग्रुपमध्ये स्वतःच्या मालाची जाहिरात चालत नाही. ॲडमिनबाईंनी पोस्ट उडवली. मग या शहाण्याने दुसरा फोटो टाकला: ‘माझ्या एका मित्राने केलाय, छान आहे ना?’ फळीच्या चकाकीत त्या मित्राचा चष्मा, मोबाइल आणि टक्कल स्वच्छ दिसत होतं. आणि ते टक्कल अख्ख्या ग्रुपच्या ओळखीचं होतं.

‘शेवटची ताकीद,’ ॲडमिनबाईंनी लिहिलं. ‘पुन्हा असं केलंत तर कायमचे बाहेर.’

मी पोट धरून हसले. त्याचा चेहरा मात्र उतरला होता. लॅबमध्ये त्याच्याशी बर्फाबद्दल बोलणारं कुणी नाही. ग्रुपमधल्या कुणाचा गुडघा कशाने दुखावला, कुणाला मुलगी झाली, सगळं त्याला पाठ. ती मंडळी गेली असती तर बोलायला मी एकटी उरले असते, आणि मी तर फळ्यांचा विषय निघाला की भांडी आपटते.

मी एका कुरिअर कंपनीच्या तक्रार विभागात बसते. तिथे एक गोष्ट शिकले. कौतुक कुणी वाचत नाही, तक्रार लोक चवीने शेवटपर्यंत वाचतात.

‘तुला मिरवता येत नाही,’ मी म्हटलं. ‘मी करते. पण तू मध्ये तोंड घालायचं नाहीस.’

मी ‘फळीग्रस्त’ नावाने ग्रुपमध्ये शिरले आणि लिहिलं: ‘नवऱ्याने भिंतीवर स्नोबोर्डांचा रॅक ठोकलाय. माझा आरसा गेला. रॅक उपटायचा प्रयत्न केला, हलत नाही. लोंबकळून पाहिलं, तरी ढिम्म. फळ्या खरचटू नयेत म्हणून खुंट्यांना लोकर गुंडाळली आहे, आणि माझे पायमोजे फाटलेत. उपाय सुचवा.’

ग्रुप तुटून पडला. ‘लोंबकळताना वजन किती होतं?’ ‘फोटो टाका!’ ‘असा नवरा मला चालेल.’ ॲडमिनबाईंनीही हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली. एकाने विचारलं, ‘लाकूड कुठलं?’

मध्ये पडायचा मोह नको म्हणून नवरा माझ्या शेजारी स्वतःच्या हातांवर बसला होता. ‘ओक! ओक लिही!’

‘तपकिरी,’ मी लिहिलं. त्याने डोकं धरलं. मला भलतीच मजा येत होती.

तेवढ्यात ‘हिमसम्राट’ नावाचा कुणी उगवला. ‘हौशी माणसाचं काम दिसतंय. ताईंनी काळजी करू नये. पुढच्या हंगामाआधी रॅक आपोआप खाली येईल.’ त्यावर बरेच अंगठे पडले.

नवऱ्याने वाचलं. मला वाटलं, आता हा फोन हिसकावणार. तो एवढंच म्हणाला, ‘जाऊ दे.’

ते ‘जाऊ दे’ मला सोसवलं नाही. माझ्या नवऱ्याला नावं ठेवायची तर मी ठेवीन, हा कोण सम्राट? माझी बोटं सुटली.

‘हौशी कुणाला म्हणता? एका आजींना सफरचंद चावता यावं म्हणून हा माणूस कवळीचा एकेक दात पुन्हा पुन्हा घासत बसतो. या रॅकची प्रत्येक खुंटी त्याने स्वतःच्या गालाला लावून पाहिली, कुठे बोचते का म्हणून. मी दारामागून बघितलंय. असं काम बाजारात दाखवा मला! घ्यायचा तर याच्याकडूनच घ्या. असा माणूस माझ्या घरात आहे, मी नशीबवान आहे.’

पाठवून टाकलं. ॲडमिनबाईंचं उत्तर लगेच आलं: ‘घरच्यांच्या मालाची जाहिरात. नियम सर्वांना सारखा.’ आणि मला ग्रुपबाहेर काढलं. त्याला कुणी काढलं नव्हतं. मिरवायला शिकवणारी मीच हाकलली गेले होते.

मी खजील होऊन बघितलं, तर तो त्याच्या फोनवर माझाच मजकूर वाचत होता. मग पुन्हा पहिल्यापासून.

‘हे मला कधी बोलली नाहीस,’ तो म्हणाला.

‘तू विचारलंस कधी?’

त्याचा अंगठा फोनवर चालायला लागला. ‘अरे, काही लिहू नकोस, तुलाही काढतील!’ मी ओरडले, फोन ओढला, पण पोस्ट गेली होती: ‘ती माझी बायको. रॅक मी केलाय. तिने लिहिलेलं सगळं खरं आहे. आरशाचंसुद्धा.’

ॲडमिनबाईंनी त्यालाही काढलं. इतक्या वर्षांचा ग्रुप एका ओळीपायी गेला. मला खरंच वाईट वाटलं. तो मात्र कान लाल करून हसत होता.

‘आता रॅक कुणाला दाखवणार?’ मी विचारलं.

त्याने माझा हात धरून मला भिंतीपाशी नेलं. खुंट्यांना वरच्या बाजूला किंचित कल का दिलाय, तिथून सुरुवात केली. लाकडाच्या रेषा दाखवल्या, लोकर कशी चिकटवली ते सांगितलं. भांडी हाताशी नव्हती आणि आपटावीशीही वाटत नव्हती. मी सगळं ऐकून घेतलं. शेवटी गिऱ्हाइकासारखा चेहरा करून विचारलं, ‘छान आहे. केवढ्याला देणार?’

‘विकायचा नाही,’ तो म्हणाला.