वा म्हणणाऱ्यांची रांग

“चला, आटपा,” मागून कुणीतरी म्हणालं आणि मी घाईघाईने दुर्बिणीला डोळा लावला. आत काळंकुट्ट. शनी नाही, त्याचं कडं नाही, काही नाही. माझ्या आधी सिस्टर “अगंबाई, काय सुंदर!” म्हणून गेली होती. मग मीच कशाला अडाणी ठरू? मीही “वा!” म्हटलं आणि बाजूला झाले.

माझ्यामागे सुई होती. सुई म्हणजे आमची शिवणकाम करणारी मैत्रीण. अंगाने बारीक आणि बोलणं टोचणारं, म्हणून ते नाव. सिस्टर नर्स आहे. तिला सगळेच सिस्टर म्हणतात. एकदा चुकून नवराही म्हणाला, त्याचं आम्ही अजून भांडवल करतो. मी बसस्टँडच्या खिडकीत बसून तिकिटं देते.

सुईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते, डोळा उत्तम आहे, जवळचा चष्मा काही दिवसांनी देऊ, तोवर धीर धरा. पण धीराचं आणि सुईचं कधी जमलेलं नाही. दोरा ओवता येईना, तेव्हा डोळा गेला असं तिने ठरवूनच टाकलं आणि शिलाई मशीन भावजयीला कबूल केलं. उद्या टेम्पो यायचा होता. त्या मशीनवर तिने एकटीने दोन मुली वाढवल्या. ते घरातून गेलं की हिचं काय होणार, या धास्तीने आम्ही तिला आकाश महोत्सवाला ओढून आणलं होतं. यायलाही कुरकुरत होती. म्हणे, साडेसाती घरातच चालू आहे, रांग लावून शनीचं तोंड कशाला बघू?

सुईने ऑपरेशनचा डोळा लावला. बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग “छान आहे,” म्हणाली आणि मैदानाच्या कडेला पायरीवर जाऊन बसली. आम्ही जवळ गेलो तर रडत होती.

“तुम्हा दोघींना दिसलं,” ती म्हणाली. “मला नुसता अंधार.”

मी म्हटलं, अगं, मलाही काही दिसलं नाही. सिस्टर म्हणाली, मला तरी कुठे दिसलं, मागे एवढे लोक उभे म्हणून आपलं सुंदर म्हटलं. पण सुई ऐकते कशाला? आत्ता खोटं बोललेल्या बायका लगेच खरं बोलतायत, हे कुणाला पटेल? “माझी समजूत काढू नका,” एवढंच ती म्हणाली.

मग मात्र माझं डोकं फिरलं. लोकांची बोलणी खात मी रांग मोडून पुढे घुसले आणि दुर्बीणवाल्याला विचारलं, यातून खरंच काही दिसतंय का हो? त्याने डोळा लावला आणि कपाळाला हात लावला. कुणाचा तरी धक्का लागून दुर्बीण भलतीकडेच वळली होती. “एवढी माणसं बघून गेली, कुणी बोललं कसं नाही?” तो म्हणाला. वा वा करून झालेले सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. सुई पायरीवरून उठून कधी मागे येऊन उभी राहिली, मला कळलंच नाही.

दुर्बीण नीट लावून झाल्यावर त्याने तिलाच पुढे बोलावलं. तिने डोळा लावला. मी देवाला काय काय कबूल केलं, ते आता आठवतही नाही.

“बटण आहे,” ती हळूच म्हणाली. “भोवती कडं. आणि बटण नि कड्याच्या मधे फट आहे. दोरा जाईल एवढी.”

मग मी पाहिलं. बटण दिसलं, कडंही दिसलं, फट काही दिसेना. या वेळी मी तसं सांगून टाकलं.

“नंबर तपासून घे तुझा,” सुई म्हणाली. तिचं ते टोचणं ऐकून मला इतकं हायसं वाटलं की आता मलाच रडू फुटलं. सिस्टर आमच्या दोघींच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

सुईने तिथूनच भावजयीला फोन लावला. “टेम्पो पाठवू नकोस,” ती म्हणाली. “आणि तुझे ते पडदे पडलेत ना शिवायचे, ते आणून टाक. चष्मा आला की बसते.”

फोन पर्समध्ये टाकून ती पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.