बाईंच्या हाकेला आलेला बिबट

फाल्गुनातल्या पहाटेचा उजेड जमिनीवर उतरण्याआधी बाईंच्या गळ्यात उतरत असे. ओठ जेमतेम विलग, मान किंचित डावीकडे कललेली, आणि त्या कृश, शिरा ताणलेल्या कंठातून एकाएकी का-ती-तर, का-ती-तर अशी करकरीत, भांडखोर हाक उठे. इतकी अस्सल, की पळसाच्या तांबड्या फुलोऱ्याखालून खरा तितर तुरुतुरु धावत येई, आपल्या हद्दीत घुसलेल्या आगंतुकाला धडा शिकवायला. तितर हा मोठा मानी पक्षी. आवाज ऐकून भांडायला येतो आणि मरतो. माणसांतही असे पुष्कळ असतात, फक्त ते चवीला बरे नसतात.

बाई म्हणजे माझ्या मोठ्या नणंद. हिंगणीच्या घरी त्या माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी परतल्या होत्या. सासर त्यांनी सोडले की सासरने त्यांना, हे विचारण्याची छाती गावात कोणाची नव्हती. उन्हाळ्याच्या तोंडी शेतात उभ्या राहिलेल्या पऱ्हाटीसारख्या त्या दिसत: कापूस वेचून झालेला, पाने झडलेली, पण उपटायला जावे तर तळहात सोलून काढणारी. त्यांच्या हालचालींत एक कोरडा, सळसळता डौल होता. लुगड्याचा काष्टा आवळून त्या रानाकडे निघाल्या, की वाटेवरचा पाचोळासुद्धा त्यांच्या पावलाखाली बोलायचे टाळी.

आणि मी? वर्ध्याच्या कॉलेजातून आलेली नवी सून, एन.सी.सी.त नेमबाजीचे पदक मिळवलेली. कागदी वर्तुळांचे मी पुष्कळ प्राण घेतले होते. ते पदक मी चक्क माहेरच्या दागिन्यांबरोबर सासरी आणले होते, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत असे. आज ती पोरगी समोर आली, तर तिच्या हातात बंदूक नव्हे, लाटणेही देताना मी विचार करीन.

तितरांवर तेव्हा आजच्यासारखी बंदी नव्हती, आणि बाईंच्या शिकारीचा एक कायदा होता: हाक घालणाऱ्याने बंदूक धरायची नाही. बंदूकवाल्याने मागे बसायचे आणि हाक घालणाऱ्याचा वर धरलेला हात खाली पडेपर्यंत चाप ओढायचा नाही. पूर्वी मागे माझे यजमान बसत. त्यांना दमा जडल्यापासून ती जागा रिकामी होती, आणि मी तीत पदकासकट जाऊन बसले.

त्या वर्षी एका बिबटाने गावाची झोप उडवली होती. शेजारच्या नारायणरावांची गाभण कालवड त्याने गोठ्यातून ओढून नेली होती. नारायणरावांनी स्वतः येऊन आमच्या दुनळीच्या एका नळीत गोळी भरायला लावली. दुसरीत तितरांचे छर्रे. दिसला तर सोडायचा नाही, असे सांगून ते गेले. बाई ज्वारी पाखडत राहिल्या. मी मात्र मनात त्याचे कातडे कोणत्या भिंतीवर शोभेल हेही ठरवून टाकले.

त्या सकाळी उजेड दुधाळ होता. बाईंनी हाक घातली, उत्तर आले नाही. पुन्हा घातली, तेव्हा सारे रान कान टवकारल्यासारखे निःशब्द झाले. मग समोरच्या वाळल्या गवतात उन्हाचा एक तुकडा सरकला, आणि उन्हाला डोळे फुटले. बिबट होता. पोट भुईला टेकवून, शेपटीचे टोक हलकेच हलवत तो बाईंकडे येत होता. बाईंकडे म्हणजे तितराकडे. त्याच्या लेखी बाई बसल्या होत्या त्या बोरीच्या झुडपाआड दोन घासांची न्याहारी बसलेली होती.

माझे बोट मागच्या, गोळीच्या चापावर गेले. बाईंचा हात वरच होता. मी त्या हाताकडे पाहत राहिले. वाळलेला, पाच बोटांचा, आकाशात रोवल्यासारखा स्थिर हात. तो पडेना. बिबट एका झेपेच्या अंतरावर आला, आणि मी ठरवले: कायदा गेला चुलीत, आता मारायचे.

तेवढ्यात बाई उभ्या राहिल्या. सावकाश, दुसरा हात कंबरेवर ठेवून, भाकरी थापून उठावे तशा. माझ्या नळीच्या आणि बिबटाच्या बरोबर मध्ये.

"मी तितर नाई होय, बापा," त्या त्याला म्हणाल्या. "खोटं बोलून म्याच बोलावलं तुले. जाय आता." आणि मागे न वळता, त्याच सुरात, "विमल, नळी खाली घे."

बिबट थबकला. चुकीच्या लग्नात पंगतीला बसलेल्या माणसासारखा त्याचा चेहरा क्षणभर ओशाळला. मग तो वळला, आणि गवत त्याच्यामागे मिटले. मी नळी खाली घेतली. खरे तर माझ्या हातांनी ती आधीच घेतली होती.

घरी येताच मी फुशारकीने सगळे सांगून बसले, आणि दुपारपर्यंत अंगणात गाव जमले. नारायणराव संतापून पुढे सरसावले. "बिबट समोर आला अन् तुमी त्याले रामराम करून सोडला?"

"रामरामच केला," बाई म्हणाल्या.

कोणीतरी टोमणा मारला, मग तितराले काऊन मारता, त्यालेही हाकच घालता ना. अंगण हसले. मलाही तो प्रश्न बिनतोड वाटला, अजूनही वाटतो.

बाई उंबऱ्यावरून उठल्या नाहीत. "तितर मी खातो. त्याचं पाप माह्या पोटात हाय, कोनाले वाटून नाई देत. नारायणदादा, तुमची कालवड गेली, तुमचा राग खरा हाय. त्याच्या वाटेवर जाऊन बसजो, समोर येऊ देजो, अन् मारजो. पन माह्या गळ्यातून त्याले मारू देनार नाई."

त्यांचे म्हणणे कोणाला पटले नाही. बंदूक यजमानांनी कुलपात घातली. नारायणरावांनी मरेपर्यंत आमच्या घरचे पाणी घेतले नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताना बाई मागे बंदूकवाला न घेता एकट्याच रानात गेल्या आणि आपण तोंड लपवलेले नाही हे गावाला ऐकू जाईल अशा खणखणीत स्वरात हाका घालत राहिल्या. एकेका हाकेला एकेक खिडकी धाडकन बंद होत होती. मी अंथरुणात पडून मोजावे तसे ऐकत होते, आणि माझे पदक मला प्रथमच पत्र्याचे वाटले.

आता बाई नाहीत. परवा हिंगणीतल्या एका लग्नात नारायणरावांचा नातू चारचौघांत हसत सांगत होता, की ती म्हातारी भीतीने उभीच राहिली, तिची दातखीळ बसली होती. मी पानावरून उठले, हात न धुता त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले, आणि भीती बाईंना नव्हे, मागे बंदूक धरून बसलेल्या मला वाटत होती, हे साऱ्या मांडवाला ऐकवले. जिलबी गार झाली. होऊ दे. काळही असाच पोट भुईला टेकवून येतो, गेलेल्या माणसाचे आधी दिसणे नेतो, मग बोलणे, आणि शेवटी त्याचे धैर्य ओढून नेऊन त्या जागी भलतेच काही ठेवतो; बाईंनी आपल्या श्वापदाला वाट दिली, मी माझ्या श्वापदाला देणार नाही.