गुण्यातून निघाला हत्ती

मी गुण्या बोलतोय. सुताराचा, पोलादी, दोन हातांवर इंचांच्या खुणा असलेला. शाळा शिकलेलो नाही. मला एकच कोन येतो, काटकोन. पण तो असा येतो की वाकड्या लाकडाला माझ्यासमोर उभं राहायची लाज वाटते.

जन्म इंदूरच्या पोलोग्राउंडमधल्या एका कारखान्यात. तिथून मला बाबूरावांनी उचललं. ते मिलमधले सुतार. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या निघत, दिव्यांनी सजवलेले फिरते देखावे. त्यांचे सांगाडे बाबूराव बांधत आणि प्रत्येक कोपरा माझ्या हुकमानं बसे. मग मिल बंद पडली. मी घरी खिळ्यावर गेलो. गंज चढला. तक्रार केली नाही.

यंदा त्यांच्या नातीनं, सुरभीनं, मला खाली काढलं. ती बडा गणपतीजवळच्या शाळेत चित्रकला शिकवते. हेडमास्तर देवेंद्र सरांनी तिला बजावलं होतं की सहावीची पोरं गणितात कच्ची आहेत, चित्रकलेचा तास आता गणिताला द्यायचा. सुरभीनं गणपतीपर्यंत मुदत मागितली. पोरांनी बनवलेली झांकी पालकांसमोर मैदानात उभी राहिली तर तास राहील, नाहीतर गेला.

मग काय सांगू! वर्गभर बांबू, खळ, कागद, रंग. पोरं मला धरायला भांडायची. बाबूराव खुर्ची टाकून बसले आणि आपल्या इंदुरी बोलीत ओरडत राहिले, "सीधा पकड भिया, पतंगाची कामटी नाही ती."

सात फूट लांब, सात फूट उंच, दोन बोटं जाड चपटा सांगाडा. त्यावर कागदाचा हत्ती. दोरी ओढली की कान हलायचे आणि वर्ग हसायचा. मी हसत नाही. पण पोलाद गरम झालं होतं खरं.

झांकीच्या दिवशी पालक जमू लागले तसा पोरांनी हत्ती उचलला, आणि तेव्हा कळलं. वर्गाचा दरवाजा सहा फूट उंच, चार फूट रुंद. असा धरला, तसा धरला, हत्ती अडला. बाबूरावांनी जन्मभर झांक्या मिलच्या उघड्या अंगणात बांधल्या. दार हा प्रकार त्यांच्या डोक्यातच आला नव्हता. ते दाराची चौकट चाचपून आले. मग म्हणाले, "करवत आणा. कापू."

देवेंद्र सर दारातच उभे होते. "सुरभी मॅडम, गणित शिकवलं असतं तर ही नौबत आली नसती."

सुरभी करवत आणायला वळली.

तेवढ्यात निधीनं मला उचललं. गणिताच्या तासाला मान खाली घालून बसणारी पोरगी. "मॅडम, रुको ना. हा गुण्या म्हणजे दरवाजा समजा."

एका फुटाला एक इंच धरून चित्र लहान करायचं, हे सुरभीनंच शिकवलं होतं. निधीनं माझ्या उभ्या हातावर सहाची खूण पकडली, आडव्यावर चारची. हत्ती म्हणून सात इंचांची कागदी पट्टी कापली आणि एका खुणेपासून दुसऱ्या खुणेकडे तिरपी धरली.

पट्टी पोचली नाही. थोडी फट उरली.

"दार तिरप्यात सातहून मोठं आहे. तिरपा नेला तर जाईल," निधी म्हणाली.

आयुष्यभर लोकांनी माझ्या कडा पाहिल्या. दोन हातांमधली रिकामी जागा कुणी पाहिली नव्हती. मीही नाही.

बाबूराव उठले. "एक कोपरा खाली घ्या. जरा और. बस, आता ढकला." कान दाराला घासला, रंग खरवडला आणि हत्ती मैदानात!

देवेंद्र सरांनी निधीला थांबवून विचारलं, हे कुठल्या तासाला शिकलीस.

"चित्रकलेच्या," ती म्हणाली आणि दोरी ओढायला पळाली.

सरांनी वेळापत्रकाला हात लावला नाही, चित्रकलेचा तास राहिला.

आता मी त्याच वर्गात असतो. अंगावर पोरांच्या बोटांचे रंग आहेत. सुरभी पुसायला आली होती, बाबूरावांनी पुसू दिले नाहीत. बरं केलं.

मागायची मला सवय नाही. एकदाच सांगतो. मला खुशाल खिळ्यावर टांगा, पण खिळा पोरांचा हात पोचेल इतक्याच उंचीवर ठोका.