फाईन म्हणजे उभं राहा

धडा पहिला : अभिवादन

हाऊ आर यू?
आय ॲम फाईन.

राजुऱ्याच्या बसस्टँडसमोर, खताच्या दुकानाच्या माडीवर, 'उज्ज्वल स्पोकन इंग्लिश इन्स्टिट्यूट' नावाची एक खोली होती. त्या खोलीला इन्स्टिट्यूट म्हणण्याचं धाडस गुणवंतरावांनी केलं होतं. गुणवंतराव इंग्रजी कुठे शिकले हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं. शिकले होते का, हेही नव्हतं. पण त्यांच्याकडे टाय होता. मे महिन्यात इथलं डांबर चपलेला चिकटून येतं, त्या उन्हातही ते टाय लावून स्कूटरवर फिरायचे, आणि लोक म्हणायचे, एवढा त्रास सोसतो म्हणजे माणसाला नक्की काहीतरी येत असणार. या एका समजुतीवर राजुरा, बल्लारपूर, गडचांदूर अशा तीन शाखा निघाल्या.

इंग्रजी यायचं ते रंजीताला. पोंभुर्ण्याकडच्या एका धान पिकवणाऱ्या घरातली ही मुलगी राजुऱ्यात खोली करून राहत होती आणि गुणवंतरावांच्या राजुरा शाखेच्या तिन्ही बॅचेस शिकवत होती. गावात परत जायचं म्हणजे पुढचं सगळं दुसऱ्यांनी ठरवायचं, हे तिला स्वच्छ दिसत होतं. नोकरी होती तोवर ठरवणारी ती होती.

तर, हाऊ आर यू?


धडा दुसरा : आज्ञार्थ

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात या मुलखात चिकनगुन्या आला. ताप चार दिवसांत उतरायचा आणि सांधेदुखी मागे ठेवून जायचा. घराघरांत माणसं भिंत धरून चालू लागली. पस्तिशीतले बाप सत्तरीच्या आजोबांसारखे उठू लागले, आणि सत्तरीचे आजोबा उठेनासेच झाले. नावात चिकन आहे म्हणून लोकांनी कोंबडी खाणं बंद केलं. संध्याकाळच्या बॅचमधली ताराबाई तलावातली मासोळी बाजारात विकायची. तिचा माल दुपारच्या आत संपू लागला.

"देवानं बिमारी वाईट देली," ती म्हणायची, "पन नाव मस्त ठेवलं."

ताराबाई इंग्रजी का शिकत होती? तिचा नातू कॉन्व्हेंटात होता आणि पालकसभेत सिस्टर तिच्याकडे बघून काहीतरी बोलायची. ते शिवी आहे की कौतुक, एवढंच तिला कळून घ्यायचं होतं.

क्लासमधली निम्मी माणसं आजारी पडली तेव्हा गुणवंतराव नागपूरला एका शिबिरात होते. शिबिराचा विषय 'संकटकाळात संस्था आणि मनोबल'. तिथून ते पिवळ्या हसऱ्या तोंडाचे बिल्ले घेऊन परतले आणि प्रत्येकाच्या छातीवर एकेक टोचला. ज्यांची बोटं सुजून टाचणी धरवत नव्हती, त्यांना त्यांनी स्वतः लावून दिला. एवढी माया!

"संकटात व्यवस्थापन लवचिक पाहिजे," त्यांनी जाहीर केलं. कोणाचा गुडघा वाकत नव्हता अशा गावात.

मग नियम आला. वर्ग सुरू होताना प्रत्येकाला 'हाऊ आर यू' विचारायचं. उत्तर एकच: आय ॲम फाईन. दुखतंय, सुजलंय, रात्रभर झोप नाही, असं जो बोलेल त्याला फाईन. म्हणजे दंड. दंड काय, तर तास संपेपर्यंत उभं राहायचं.

"फाईन नाई म्हनलं तर फाईन!" स्वतःच्या विनोदावर ते एकटेच हसले. हसताना इकडेतिकडे बघत होते, कोण हसत नाही ते.

दुसरा नियम खास रंजीतासाठी होता. तिची लाकडी खुर्ची त्यांनी खाली खतवाल्याला देऊन टाकली.

"सर, खुर्ची?"

"मॅडम, तुम्ही बसल्या की क्लास बसला. क्लास बसला की धंदा बसला." बोट वर करून ते म्हणाले, "मास्तर उभा, तं संस्था उभी. शिबिरात सांगतलं."

शिबिरात त्यांना हे बसून सांगितलं असणार, असं रंजीताच्या मनात आलं. ती फळा पुसायला वळली. त्या वेळी तिचे गुडघे चांगले होते.

विद्यार्थ्यांना सतरंजी होती; खुर्ची संस्थेत आता एकच उरली: गुणवंतरावांच्या केबिनमधली, काळी, फिरती, प्लॅस्टिक अजून न काढलेली. केबिनला कुलूप असायचं.


धडा तिसरा

(लोडशेडिंगमुळे झाला नाही. साऱ्या महाराष्ट्राला वीज पुरवणारं केंद्र इथून हाकेच्या अंतरावर, आणि अंधार पहिला आमच्याकडे. त्या अंधारात रंजीताला थंडी वाजून आली. ती जिन्यावर बसली आणि तिला उठता येईना.)


रिकाम्या जागा भरा

रंजीताला ______ झाला. (ताप / उत्साह)

पाच दिवसांनी ती कामावर आली. घोटे सुजून चपलेच्या पट्ट्यात मावत नव्हते. खडू मुठीत धरून लिहावा लागत होता, लहान मूल धरतं तसा. गुणवंतराव दारातच भेटले.

"हाऊ आर यू, मॅडम?"

"सर, गुडघे फार..."

"फाईन!"

"सर, मी तशीही उभीच राहते."

"मंग अडचन काय आहे?" ते खरंच बुचकळ्यात पडले होते.

"थोडे दिवस बसून शिकवते. डॉक्टर म्हणाले, महिनाभर पायांवर भार नको. तुमची खुर्ची तर रिकामीच असते."

गुणवंतरावांनी टायची गाठ चाचपली. धर्मसंकटात ते नेहमी टाय चाचपायचे. "मॅडम, आज तुम्हाले खुर्ची देली, उद्या गडचांदूरची मॅडम मांगल, परवा बल्लारपूरची. सिस्टिम खराब होते ना. झेपत नसल तं सांगा. तीन जनींचे बायोडाटा आहेत माह्याजवळ. तिघी बी ठणठणीत."

रंजीता उभी राहिली ______ (आनंदाने / गरजेने).

पहिल्या बॅचला ती फळ्याला टेकली. दुसरीला खिडकीच्या गजाला धरून बोलली. संध्याकाळच्या बॅचला क्रियापदाचं तिसरं रूप सांगता सांगता तिचा पाय गेला आणि ती फळ्यावरून घसरत खाली आली. पाठीवर पूर्ण वर्तमानकाळ उमटला. ताराबाई आणि खाणीत कामाला असलेला रोशन, दोघांनी मिळून तिला उचललं. त्या दोघांचेही सांधे धरलेले. तिघं तिथेच कण्हत लटपटत राहिले, कोण कोणाला उचलतंय ते कळेना. तिघांच्याही छातीवर पिवळं तोंड हसत होतं.


धडा पाचवा : शरीराचे अवयव

डासाला टाय कळत नाही. नवरात्रात गुणवंतराव आजारी पडले. त्यांना चंद्रपूरच्या दवाखान्यात नेताना दोघांनी काखेत धरलं होतं. क्लास उघडायला म्हणून त्यांनी किल्ल्या रंजीताच्या हातात दिल्या, आणि "सिस्टिम सांभाळा" म्हणाले. हे त्यांचं त्या काळातलं शेवटचं व्यवस्थापन.

किल्ल्यांत केबिनचीही होती. रंजीता दोन दिवस त्या किल्लीकडे नुसती बघत राहिली. तिसऱ्या दिवशी ताराबाईनं तिच्या हातातून जुडगा घेतला.

"खुर्ची काऊन कुलपात ठेवली वं बाई? अंडे देते का थे?"

रोशननं खुर्ची ढकलत फळ्यासमोर आणली. रंजीता बसली. प्लॅस्टिक चुरचुरलं. मॅडमचे डोळे भरले, आणि ते खुर्चीमुळे आहे हे कोणाला लगेच कळलं नाही.

मग तिनं विचारलं, "हाऊ आर यू?"

सवयीनं तेरा तोंडांतून फाईन निघालं.

"नाही," ती म्हणाली. "खरं सांगा. इंग्रजीत."

आणि कधी नव्हे ते वर्गाला बोलायला विषय मिळाला. नी म्हणजे गुडघा. एल्बो म्हणजे कोपर. रिस्ट, शोल्डर, बॅक. वर्षभर ज्यांच्या तोंडून 'माय नेम इज'च्या पुढे शब्द सरकला नव्हता, ते कुठं दुखतं, कधी दुखतं, कसं दुखतं हे भराभरा सांगू लागले. फक्त घोट्याच्या शब्दाला ताराबाई अडखळली.

"माय अंकल इज पेनिंग."

"अंकल नाही ताराबाई, अँकल."

"अंकल म्हनजे काका ना?"

"हो."

"मंग काका बी दुखूनच राह्यला नं. घरी पडून हाय. दोघाईचं एकातच होते."

वर्ग हसला. चिकनगुन्यात हसलं की बरगड्या दुखतात. तरी हसला. गेलेली माणसं परत येऊ लागली. काठी टेकत, जिन्यावर दोनदा थांबत, पण येऊ लागली. बिल्ले हळूहळू घरीच राहिले.


तोंडी परीक्षा

दिवाळीनंतर गुणवंतराव आले. एकटे नाही, सोबत चंद्रपूरच्या एका दैनिकाचा स्वप्निल नावाचा तरुण बातमीदार होता, गळ्यात कॅमेरा. 'साथीच्या संकटातही उभी राहिलेली संस्था' अशी बातमी गुणवंतरावांनी स्वतःच ठरवून आणली होती. टाय होता. बिल्ला होता. पायांत मात्र बुटांऐवजी रबरी चप्पल होती, आणि जिना चढताना ते प्रत्येक पायरीवर थांबून स्वप्निलला भिंतीचा रंग दाखवत होते.

दारात आले आणि त्यांनी आपली खुर्ची पाहिली. खुर्चीत रंजीता पाहिली.

रंजीता अर्धी उठली. सवय सुटत नाही. मग गुडघ्यात कळ आली, आणि कळेबरोबर हट्टही आला. ती परत खाली टेकली.

"मॅडम," गुणवंतराव गोड आवाजात म्हणाले, "माही खुर्ची द्या बरं जरा."

"हाऊ आर यू, सर?" रंजीतानं विचारलं.

वर्ग सावध झाला. स्वप्निलनं पेन काढलं. गुणवंतरावांचे घोटे ठणकत होते, पण नियम त्यांचा होता, बिल्ला त्यांचा होता आणि बातमीही त्यांचीच होती.

"आय... ॲम फाईन."

"सर फाईन हायेत," मागून ताराबाई बोलली, "तं बसतेत कायले?"

गुणवंतरावांनी दात आवळले. मग त्यांना वाट सुचली. शिबिरात जाऊन आलेला माणूस होता शेवटी. "ॲन्ड यू, मॅडम? हाऊ आर यू?"

रंजीताला सापळा दिसला. फाईन म्हटलं तर खुर्ची जाते. नाही म्हटलं तर दंड, आणि दंड म्हणजे उभं राहणं. दोन्हीकडून खुर्ची त्यांची. नियम असा बिनतोड होता की त्यांना स्वतःला तो आजच कळला असावा.

"आय ॲम नॉट फाईन, सर," ती म्हणाली. "माय नीज हर्ट. माय अँकल्स हर्ट."

"फाईन!" गुणवंतराव ओरडले. इतका खरा आनंद बिल्ल्यावरच्या तोंडातसुद्धा नव्हता. "फाईन! उभ्या राहा!"

स्वप्निलनं लिहिता लिहिता मान वर केली.

"म्हणजे? त्या आजारी आहेत म्हणतात, आणि तुम्ही त्यांना उभं करून राह्यले? असं छापू?"

रंजीता खुर्चीचे हात घट्ट धरून बसली होती. आता एक शब्द, आणि ती राजुऱ्यात राहते की पोंभुर्ण्याच्या बसमध्ये बसते, ते ठरणार होतं. गुणवंतरावांचा हात टायकडे गेला. गाठ चाचपली. एकदा. दोनदा.

"उभ्या राहू नका म्हनलं मी!" ते दिलदारपणे म्हणाले. "ऐकाले कमी येते का स्वप्निलभाऊ? आमच्या संस्थेत बिमार शिक्षिकेले खुर्ची असते. कंपलसरी. मीच चालू केलं हे. बसा मॅडम, बसा, उठू नका बिलकुल."

"थँक यू, सर," रंजीता म्हणाली. "क्लास, रिपीट."

"थँक यू, सर!" वर्ग गरजला.

मग मुलाखत झाली. मनोबल, लवचिकता, माणुसकी यांवर गुणवंतराव बोलतच राहिले आणि सारा वेळ उभेच राहिले, फळ्याची कड धरून. बसायला दुसरी खुर्ची नव्हती. ती त्यांनीच खतवाल्याला दिली होती.


चित्रवर्णन

खालील चित्र पाहून चार ओळी लिहा.

चित्रात एक बाई खुर्चीत बसून शिकवत आहे. तिच्या शेजारी एक गृहस्थ उभे आहेत. गृहस्थ हसत आहेत असे वाटते. नीट पाहिल्यास तो बिल्ला आहे. चित्राखाली छापले आहे: 'स्वतः उभे राहून शिक्षिकेस खुर्ची देणारे आदर्श संचालक.'

कात्रण फ्रेम करून फळ्याच्या वर लागलं. त्याच्या बरोबर खाली खुर्ची. ती हलवायची म्हणजे फोटो खोटा पडतो, म्हणून ती तिथून कधीच हलली नाही. पुढे गुणवंतराव येणाऱ्या प्रत्येक पालकाला खुर्चीची गोष्ट सांगू लागले, आणि दर खेपेला गोष्टीत त्यांचं मन मोठं होत गेलं.

गडचांदूरची मॅडम मात्र उभीच होती. बल्लारपूरचीही. तिकडे कॅमेरा गेला नव्हता.

एका दुपारी दोन बॅचेसच्या मधल्या वेळात रंजीता भिंत धरत जिना उतरली आणि बसस्टँडच्या एसटीडी बूथवर गेली. तिची चाल पाहून बूथवाल्यानं न विचारता स्टूल पुढे सरकवलं. ती बसली, पाय लांब केले आणि नंबर फिरवला.

"स्वप्निलभाऊ का? मी राजुऱ्याहून रंजीता, खुर्चीवाली. आमच्या सरांच्या अजून दोन शाखा आहेत, माहीत आहे का तुम्हाला? गडचांदूरला कधी जाता?"