आओरिता

"गाणी म्हणणारी पोरं मला नकोत, डोन्या ओदिलिया. खरोखर काम चालतं असं एखादं ठिकाण सांगा," असं म्हणून मिर्ताबाईंनी कॉफीचा कप बाजूला सारला.

मिर्ताबाई अर्जेंटिनाच्या, निवृत्त शिक्षिका, आणि एकट्याच मेक्सिको फिरत होत्या. ज्या गावात चार दिवस खाल्लं-प्यायलं तिथं काहीतरी देऊन निघायचं, अशी त्यांची पद्धत. पण मागच्या शहरात त्यांचे हात पोळले होते. तिथल्या अनाथाश्रमात मुलांनी गोड गाणी म्हटली, बाईंचे डोळे भरून आले, पाकीट रिकामं झालं, आणि संध्याकाळी तीच मुलं बाजारात आपापल्या आयांची बोटं धरून चाललेली दिसली. तेव्हापासून बाई पोलिसासारख्या चौकशा करत. चालवतं कोण, पैसा जातो कुठं, शेजारपाजारचे काय म्हणतात.

वाहाका शहरातल्या त्या लहानशा गेस्टहाउसात न्याहारी ओदिलिया करायची, त्यामुळे शेजारपाजारचे म्हणजे तीच. आणि तिला उत्तर माहीत होतं. सरकारी इस्पितळाच्या फाटकाशी चायो आणि तिच्या मैत्रिणी रोज संध्याकाळी पेशंटच्या नातेवाइकांना जेवू घालत. कुणाचा फोटो नाही, कसला फलक नाही. मदतीला गेलेल्या माणसाच्या हाती आधी कांदे देत आणि मग नाव विचारत. हेच सांगायचं होतं. पण तोंडून भलतंच निघालं.

"माझ्या मुलीचं वाचनघर आहे. बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांची पोरं दुपारभर येऊन वाचतात."

'होतं' म्हणायला हवं होतं. ती 'आहे' म्हणून बसली.

मिर्ताबाईंचा चेहरा उजळला. उद्या सकाळीच येते, म्हणाल्या. ओदिलिया रिकाम्या ताटल्या घेऊन स्वयंपाकघरात आली, तर मालक फेर्मीन तव्यापाशी उभा राहून गालात हसत होता.

"वाचनघर? तिथं हल्ली कोण वाचतं, डोन्या ओदी? झुरळं?"

"तुमची तोर्तिया करपतेय, तिकडं बघा," ती म्हणाली, आणि नळ जरा जास्तच जोरात सोडला.

मारिक्रूस, म्हणजे तिची मुलगी, खांद्याला पिशवी अडकवून दारातून बाहेर पडली तेव्हा एवढंच म्हणाली होती, "आओरिता येते, आई." आओरिता म्हणजे आत्ता, या क्षणी. पण त्या मुलखात तोंडावर 'नाही' म्हणणं उद्धटपणाचं, म्हणून हा एक शब्द सगळीकडे पुरवून वापरतात. गॅसवाला आओरिता म्हणाला की दुपार समजावी, नळवाला म्हणाला की पुढचा आठवडा, आणि मागून नेलेला पाना परत करणारा म्हणाला की गुपचूप नवा पाना आणावा.

वाचनघराचं छप्पर गळत होतं. त्याच्यापुरते मिळवून येते, म्हणून मारिक्रूस चोरवाटेनं उत्तरेकडे, शिकागोला गेली. छपराचे पैसे आले, नवे पत्रे चढले, पावसाचा थेंब आत येईनासा झाला. ती मात्र आली नाही. तिथं एका हॉटेलच्या धोबीखान्यात तिला काम मिळालं, मग एक माणूस मिळाला, मग मुलगी झाली. कागदपत्रं नव्हती. एकदा बाहेर पाऊल टाकलं की पुन्हा लेकराजवळ जाता येणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि आईलाही. तरी दर रविवारी फोन ठेवताना मारिक्रूस म्हणायची, "आओरिता येते हं." आणि ओदिलिया म्हणायची, "ये पोरी." याच्यापुढे दोघीही कधी गेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी न्याहारी फेर्मीनच्या गळ्यात टाकून ओदिलिया घरीच राहिली. घराच्या पुढच्या खोलीचं कुलूप काढलं, फरशी दोनदा धुतली, पुस्तकांवरचं प्लास्टिक उतरवलं. मुलांची बुटकी स्टुलं ओल्या फडक्यानं पुसून भिंतीशी मांडली. ही लबाडी आहे हे तिला कळत होतं. पण बाईंनी मदत केली, एखादी मास्तरीण ठेवता आली, खोलीत पुन्हा पोरांचा गलका झाला, तर रविवारी फोनवर तो गलका ऐकवता येईल. आणि तो ऐकल्यावर मारिक्रूसच्यानं तिकडे राहवणार नाही. रात्रभर ती एवढाच विचार करत होती.

मिर्ताबाई आल्या. त्यांनी पुस्तकं चाळली, खिडकी उघडून पाहिली, फळ्यावरून बोट फिरवलं. खोली छान आहे, म्हणाल्या. मग नेहमीचे प्रश्न सुरू झाले. चालवणारी कुठं आहे? तिच्याशी बोलायला हवं. कधी येईल?

"आओरिता," ओदिलिया म्हणाली. सवयीनंच म्हणाली.

इथला कुणीही माणूस हे ऐकून समजला असता आणि हवापाण्याच्या गप्पा मारून निघाला असता. मिर्ताबाई इथल्या नव्हत्या. "बरं झालं," म्हणत त्यांनी एक बुटकं स्टूल ओढलं, गुडघे कसेबसे आवरत त्यावर बसल्या आणि दाराकडे तोंड करून वाट पाहू लागल्या.

ओदिलियानं कॉफी आणली. ती संपली. रस्त्यावरून पावलं वाजली की बाई मान उंचावून बघत, केस सारखे करत, आणि पावलं पुढे गेली की पुन्हा टेकून बसत. मारिक्रूस गेल्यापासून सगळ्या गल्लीनं तिला समजूतदारपणे चुचकारलं होतं, फेर्मीननं चिडवलं होतं, पण तिच्या लेकीचा शब्द खरा धरून कुणी असं दाराकडे बघत बसलं नव्हतं. ती स्वतःसुद्धा नाही. तिनं दुसरं स्टूल ओढलं आणि बाईंच्या शेजारी बसली. थोडा वेळ दोघी मिळून वाट बघत राहिल्या. फार बरं वाटलं तिला.

मग उन्हाची तिरीप उंबऱ्यावर आली. बाईंनी सुजलेला पाय चोळला आणि तरीही उठल्या नाहीत. ते मात्र ओदिलियाला बघवेना.

"बाई, उठा," ती म्हणाली. "ती येत नाही."

"आज येत नाही?"

"येतच नाही. शिकागोत असते. खोली बंद आहे, मीच उघडून ठेवली." 'येतच नाही' हे आजवर तिनं कुणापुढे उच्चारलं नव्हतं, रिकाम्या घरातसुद्धा नाही. म्हणून झाल्यावर ती हातातल्या फडक्याच्या घड्या घालत राहिली.

मिर्ताबाई रागावतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी दाराकडची नजर काढून घेतली. "आमच्याकडे आओरिता कुणी म्हणत नाही," अखेर त्या म्हणाल्या. "मला वाटलं, आत्ता."

"आत्ताच, बाई. म्हणणाऱ्याला तसंच वाटत असतं."

संध्याकाळी ओदिलियानं त्यांना इस्पितळाच्या फाटकाशी नेलं. जाताना शेजाऱ्याची हातगाडी मागून घेतली आणि खोलीतली सगळी स्टुलं तिच्यावर रचली. चायोनं मिर्ताबाईंच्या हाती कांदे दिले आणि मग नाव विचारलं. बाईंनीही आपले सगळे प्रश्न कांदे चिरता चिरताच विचारून घेतले आणि त्यांचं समाधान झालं.

फाटकाबाहेर लोक नेहमी फुटपाथच्या कडेवर ताटली मांडीत धरून जेवत. त्या दिवशी ते स्टुलांवर बसले. एक थोराड शेतकरी, बायको आत ऑपरेशनला गेलेली, गुडघे छातीशी घेऊन पहिलीतल्या पोरासारखा बसला होता आणि काळ्या घेवड्याचं कालवण मन लावून जेवत होता.

भांडी आवरताना चायोनं स्टुलांकडे बोट दाखवलं. "मारिक्रूसची ना गं ही? परत कधी हवीत तुला?"

ओदिलियानं रिकाम्या हातगाडीचा दांडा धरला.

"आओरिता," ती म्हणाली.

चायोनं मान हलवली आणि स्टुलं एकात एक रचून आत नेऊन ठेवली.