वापरात नसलेली फाईल

वच्छलाने चपला दाराशी काढल्या, कॉम्प्युटरच्या थंड खोलीत टर्मिनलसमोर बसून तलावांची फाईल उघडली. एक पान सरकवलं, दुसरं सरकवलं, फाईल बंद केली. दोन मिनिटांचं काम. दर सोमवारी साडेदहाला ती हे करायची आणि मग दिवसभराच्या कामाला लागायची.

याचं कारण बिसेनसाहेबांचा हुकूम. १९८९ च्या पावसाळ्यात टेकचंद बिसेन नागपूरहून बदलून भंडाऱ्याच्या या कार्यालयात आले, तेव्हा चार विभागांच्या सामाईक डिस्कवर बोट ठेवायला जागा नव्हती. दिवाळीनंतर धान खरेदीचं काम याच डिस्कवर चढवायचं होतं. साहेबांनी फर्मान काढलं: नव्वद दिवसांत जी फाईल उघडली नाही, ती पुसायची. कोणी हूं की चूं केलं नाही. बऱ्याच फायली कोणी केल्या हेच कोणाला आठवत नव्हतं, तर त्यांच्यासाठी रडणार कोण?

तलावांची फाईल मात्र वच्छलाची होती. जिल्ह्यातले अकराशे तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, त्यांची मातीची पाळ किती लांब, पाणी कुठवर, हे तिने जुन्या रजिस्टरांवरून दीड वर्ष खपून भरलं होतं. ते काम संपल्यावर, साहेब येण्याआधीच्या पावसाळ्यात, रेकॉर्डच्या खोलीचं छत गळलं आणि रजिस्टरांचा लगदा झाला. फ्लॉप्यांवर नक्कल होती, तिला बुरशी चढली. छापायचं तर कागद फक्त धान खरेदीपुरता मंजूर. उद्या कोणी बोडीची पाळ फोडून आत धान लावलं, तर ती पाळ कुठे होती हे सांगणारी ही एवढी एकच जागा उरली होती. आणि वर्षभरात ती कोणी मागितली नव्हती, हेही खरं. त्याचा वच्छलाला संताप यायचा.

तिसऱ्या महिन्यात साहेबांनी तिला बोलावलं. कोणती फाईल कोणी कधी उघडली याची यादी त्यांच्यासमोर होती.

"ही तुम्ही वाचता की नुसती उघडता?"

"नुसती उघडते."

"मग ती वापरात नाही, वच्छलाबाई."

"उन्हाळ्यात बोडीत पाणी राहत नाही, साहेब. म्हणून का तिले वावर म्हणाचं?"

"म्हणतात," साहेब म्हणाले. "नांगरही घालतात."

ते हसले नाहीत. यादीकडेच पाहत त्यांनी नियमाला शेपूट जोडलं. कर्मचाऱ्याने स्वतःहून फाईल उघडली तर ती वापरात धरायची नाही, बाहेरच्या कोणी मागितली तरच धरायची. मागणाऱ्याचं नाव, गाव आणि कारण रजिस्टरात यायला हवं. नाहीतर एक तारखेला ते ही फाईल स्वतः पुसणार होते.

वच्छला गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. पुढच्या रविवारी ती एस.टी.ने करडी गावाला गेली आणि तिने तलावाचं पाणी वाटून देणाऱ्या म्हाताऱ्या देवाजीला पाळीवर गाठलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, आणि तुमसरच्या बाजारात त्याच्याकडून आणखी गावांना निरोप गेला. हे कोणाच्या हुकमाने चाललंय, असं घरी विचारलं तेव्हा वच्छलाने सांगितलं, माझ्या.

एक तारखेला साहेब टर्मिनलवर बसले तोच देवाजी दारात येऊन उभा राहिला. एका हातात चपला, दुसऱ्या हातात अर्ज. मागे वऱ्हांड्यात अकरा गावांची माणसं.

"करडीच्या तलावाची पाळ कागदावर किती हाये, ते पाहाचं हाये मले."

साहेबांनी वच्छलाकडे पाहिलं. तिने हाताची घडी घातली होती.

"मी उघडलेली धरत नाहीत, साहेब. तुम्हीच उघडा."

साहेबांनी उघडली आणि वाचून दाखवली. ती आज साठ हात कमी भरते, आपण स्वतः मोजली आहे, असं देवाजीने शांतपणे सांगितलं. त्याच्यामागून एकेक जण आत आला. बारा वाजेपर्यंत साहेब एकेका तलावाची पाळ वाचून दाखवत होते. यादीत फाईलपुढे आजची तारीख पडली होती आणि उघडणाऱ्याचं नाव बिसेन होतं.

शेवटचा माणूस गेला तरी साहेबांनी फाईल बंद केली नाही. त्यांनी एकेक अक्षर दाबत आणखी एका गावाचं नाव टाकलं. ते त्यांचं स्वतःचं गाव होतं.

"इथं पाणी मोहाच्या झाडापलीकडं दोनशे हात लिहिलं हाये," ते म्हणाले. आता त्यांची भाषा घरची झाली होती. "आमचं वावर तर मोहापासूनच लागते. बाबा तिथं धान लावतात."

वच्छलाला त्यांची कीव आली, पण सोडून देण्याइतकी नाही. तिने रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं.

"हे काहून?"

"नाव, गाव, कारण. नियम आहे, साहेब."

टेकचंद यादोराव बिसेन, त्यांनी लिहिलं. गाव लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, वडिलांना दाखवण्यासाठी.

"एक पान छापा," ते म्हणाले.

वच्छलाने धान खरेदीचा कागद प्रिंटरला लावला. साहेबांच्या गावाचं पान निघालं, ते फाडून तिने त्यांच्या हातात दिलं. मग करडीचं काढलं आणि पाठोपाठ बाकीच्या अकरा गावांचंही. तिने विचारलं नाही आणि साहेबांनीही तिला थांबवलं नाही.